राजवाड्यामागचा आकड्यांचा वर्ग

कानातल्यांच्या आकड्यांचा डबा कधी उघडलाय का तुम्ही? एक उचलायला जावं, तर त्याला अडकून दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे दहा-बारा लोंबकळत वर येतात. आमच्या तंजावूरच्या वर्गाच्या गोष्टींचं तसंच झालंय. परवा कुणीतरी सहज विचारलं, "तुम्ही मराठी शिकवायचात म्हणे?" मी म्हटलं, "हो, आणि कानातली बनवायचे." झालं! तीनदा कॉफी झाली तरी माझं तोंड थांबेना. म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांतल्या बऱ्याचजणी आज नाहीत. असत्या, तर निम्मं खोटं म्हणाल्या असत्या आणि उरलेलं दुप्पट करून सांगितलं असतं!

*

आधी माझं सांगते, पण थोडक्यात. गोऱ्यांचं राज्य होतं. वडील राजवाड्याच्या भागात जुन्या पोथ्यांच्या नकला करून द्यायचे, त्यामुळे मला लहानपणीच बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहिता येऊ लागली. गल्लीत घरोघर मराठी बोलत, पण लिहायची वेळ आली की तमिळ! लग्नाला दोन वर्षं होतात तोच मी विधवा झाले आणि पापनाशमला दिरांच्या घरी स्वयंपाकघर ते विहीर, विहीर ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या घालू लागले. माझ्या मावशीनं भांडून मला तिथून काढलं, मद्रासला शिकायला पाठवलं आणि मग तंजावूरला स्वतःच्या घरी आणलं.

नगरपालिकेनं राजवाड्यामागच्या गल्लीत एक खोली दिली. बायकांचा मराठी वर्ग! अट एकच. वर्षाच्या शेवटी इन्स्पेक्टर येणार, दहा बायकांना शंभरपर्यंतचे आकडे बाळबोधीत काढायला लावणार, एकही चुकता कामा नये. चुकला तर वर्ग बंद. वर्ग बंद झाला तर मी परत पापनाशमला. दिरांनी बजावलंच होतं, "एक वर्ष. पुढं हे खूळ पुरे." मला परत जायचं नव्हतं. काही झालं तरी जायचं नव्हतं.

पहिला आठवडा एकही बाई फिरकली नाही. मी रोज पाट्या पुसून ठेवायचे आणि रिकाम्या खोलीकडे बघत बसायचे. शेवटी मावशीनं गल्लीत निरोप फिरवला, "आमची पोर दुपारी आकडे शिकवते."

दुसऱ्या दिवशी दारात बायकाच बायका! मावशी धरून बरोब्बर दहा! मी हरखून पाट्या वाटायला उठले, तर सगळ्यांत पुढं बसलेल्या तुळजक्कानं पदराखालून पक्कड काढली. तुळजक्का गल्लीतली सर्वांत वडील बाई. साठी उलटलेली, पण आवाज असा की राजवाड्याच्या गच्चीवरची कबुतरं उडायची. तिची पक्कड निघाली तशी मागच्या प्रत्येकीच्या पदराखालून तारेची भेंडोळी निघाली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांना हवे होते कानातल्यांचे आकडे! गल्लीच्या तोंडाशी एक सोनार होता, त्याला सगळे पत्तर म्हणत. तुटका आकडा तो ठेवून घ्यायचा आणि मग महिनोन् महिने एकच पाठ, "नाळैक्कु वांगो." उद्या या! त्या उद्याला कंटाळून अख्खी गल्ली माझ्या दारात आली होती.

"शिकवा, टीचरम्मा," तुळजक्का म्हणाली.

खरं सांगितलं असतं तर उठून गेल्या असत्या. आणि मला तर दहाच हव्या होत्या! माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या शिकवते."

"अय्यो!" तुळजक्कानं कपाळाला हात लावला. "ही बी पत्तराच्याच घरची!"

*

आता आली का पंचाईत! मला आकडा घालता येत होता, करता कुठं येत होता? पत्तराकडे विचारायला जाण्यात अर्थ नव्हता, त्याचं उत्तर ठाऊक होतं. मग मी विचार केला, केलेली वस्तू उलगडून पाहिली की कशी केली ते कळतंच. मद्रासला शिवण अशीच शिकले होते, जुनी चोळी उसवून.

मावशी न्हायला गेली होती. तिची कानातली कोनाड्यात. मी पक्कड घेतली आणि आकडा हळूहळू सरळ करत गेले. आधी टोकाची बारीक कडी सुटली, मग मधला वाक सुटला. बघता बघता हातात बोटभर सरळ तार! अहाहा, एवढं सोपं! खात्री करायला दुसराही सरळ केला.

मावशी पुसत पुसत बाहेर आली. "माझं कानातलं?"

मी खडे एका हातात आणि तारा दुसऱ्या हातात धरून दाखवल्या. मावशीनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"अडी पोरी, मद्रासेस जाऊन एवढंच शिकलीस? वाकडं होतं ते सरळ करायला?" आणि वर म्हणाली, "त्यापेक्षा तुझ्या दिरावर कर की हा प्रयोग!"

*

पण वाक काही मला जमेना. बोटावर वाकवावा तर मोठा, काडीवर वाकवावा तर बारीक. दुसऱ्या दिवशी वर्गात मी घाम पुसत उभी, दहा बायका माझ्या तोंडाकडे बघताहेत, आणि तुळजक्कानं सरकारी टाक उचलला. नगरपालिकेनं लिहिण्यासाठी दिलेला लाकडी टाक! त्याचं निब उपटून बाजूला ठेवलं, दांडीवर तार टेकवली, अंगठ्यानं दाबली. काय वाक आला म्हणता! असा की पत्तरानं पाहिला असता तर जेवला नसता.

मग कृती ठरूनच गेली. तार बोटभर कापायची. एका टोकाला पकडीनं कडी घालायची. टाकाच्या दांडीवर वाक द्यायचा. टोक कानाला बोचू नये म्हणून पाटीवर घासायचं, पालथं-सुलटं. शेवटी खोबरेलात बुडवून पदराला पुसायचं. पाट्या, टाक, सगळं सरकारी सामान कामाला लागलं!

"सरकारानं नेमकं माप पाठवलंन हो," तुळजक्का टाक न्याहाळत म्हणाली. "गोऱ्यांच्या बायकाही घरीच करतात वाटतं!"

*

घरून आणलेली तार संपली, आता पुढची कुठून आणायची? गल्लीत एक वीणा शिकवणारे गृहस्थ होते. त्यांची बायको कोकिळक्का आमच्या वर्गात. वीणेची तार तुटली की ती तार वर्गाची! खिडकीतून वीणा ऐकू यायची आणि मधेच "टंग!" झालं की दहाही बायका एका सुरात म्हणायच्या, "तुटली!" कोकिळक्काच्या यजमानांना मात्र वाटायचं, गल्लीतल्या बायकांना संगीताची फार गोडी. कधी बरेच दिवस तार तुटली नाही तर कोकिळक्का त्यांना म्हणायची, "आज जरा जोरात वाजवा की!"

आता तमिळमध्ये वीणेच्या तारेला म्हणतात तंती, आणि टपालखात्याच्या तारेलाही तंतीच. एकदा कोकिळक्काला कुंभकोणमहून भावानं वीणेच्या जुन्या तारांचं मोठं भेंडोळं पाठवलं. ती आनंदानं गल्लीत येऊन ओरडली, "तंती वंदाच्चु! तंती वंदाच्चु!" तार आली!

तार आली म्हणजे तेव्हा दुसरा अर्थच नसायचा. दारं उघडली. हातातली कामं टाकून माणसं धावली. शेजारच्या सुभद्राआत्यांनी तर कोण गेलं हेही न विचारता ओट्यावर बसून गळा काढला. मी धावत गेले, त्यांना सांगितलं, "आत्या, कुणी गेलं नाही! वीणेची तार आलीय, वीणेची!"

आत्यांनी डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला.

"राहू दे," म्हणाल्या. "माझ्या जावेस मागल्या वर्षी रडायचं राहिलं होतं. बसलेच आहे तर आटपून घेते." आणि पुन्हा सुरू!

*

त्या तारांतल्या पितळी तारांनी आमची परीक्षा पाहिली. तंजावूरचा उकाडा, घाम, त्यात पितळ! चार दिवसांत कोकिळक्काच्या दोन्ही पाळ्या हिरव्यागार. ती रडकुंडीला आली. यजमानांनी विचारलं तर काय सांगू, म्हणाली.

"पाचू म्हणून सांग!" तुळजक्का म्हणाली.

आणि खरंच सांगितलंन! यजमान वीणेच्या तंद्रीत. "बरे आहेत," म्हणाले आणि पुढं वाजवू लागले. त्यानंतर आम्ही पितळी तार आधी चिंचेनं लख्ख घासायला लागलो, वर खोबरेलाचा हात दुप्पट. वर्गात पाऊल टाकलं की चिंचेचा आणि खोबरेलाचा असा वास यायचा की माणसाला भूक लागावी.

*

नगरपालिकेचा एक शिपाई महिन्यातून एकदा तपासायला यायचा. आत यायची त्याला लाज, बायकांचा वर्ग ना! तो खिडकीतूनच डोकवायचा. एकदा आला तेव्हा आकड्यांची टोकं घासायचं काम जोरात चाललं होतं. दहा बायका माना खाली घालून पाटीवर खसाखसा हात चालवताहेत, कुणी वर बघत नाही, कुणी बोलत नाही. खोलीत नुसता करकर करकर आवाज!

शिपाई तोंडाचा आ करून बघत राहिला. मग मला खिडकीशी बोलावून हळूच म्हणाला, "अम्मा, रोज एवढं लिहितात?"

मी म्हटलं, "रोज." खोटं काय होतं त्यात? लिहितात की घासतात हे त्यानं कुठं विचारलं?

"पाट्या बघू?" त्यानं एक पाटी हातात घेतली. मधोमध खोलगट झालेली! त्यानं ती कपाळाला लावली. सरस्वतीच ना ती! पुढच्या आठवड्यात कचेरीतून नव्या पाट्या, दोन डझन टाक आणि एक चिठ्ठी आली. "अभ्यासाच्या ओघात सामान झिजल्यास निःसंकोच कळवावे."

तुळजक्कानं चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि निरोप सांगितला, "सरि, बरं. लिही त्यांस, टाक उत्तम आहेत, थोडे बारीक दांडीचेही पाठवा. पोरींच्या कानास लागतात!"

*

आता एक गोष्ट सांगते, ती हसत हसतच सांगणार आहे.

नवा आकडा झाला की तो कानात कसा बसतो ते पाहावं लागे. पण वर्गातल्या प्रत्येकीच्या कानात आधीच काही ना काही असे. ते काढा, हा घाला, पुन्हा तो घाला, कोण करणार? रिकामे कान एकीचेच होते. माझे. विधवा झाल्यावर कानातलं काढलं होतं, पण भोकं अजून बुजली नव्हती.

एका दुपारी तुळजक्कानं काही न विचारता माझी हनुवटी धरली आणि आकडा माझ्या कानात घातला. खाली मावशीचा मोत्यांचा घोस लटकवला. "हालव बघू मान." मी हलवली. कानाला वजन लागलं की मान आपोआप सरळ होते, हे मी विसरूनच गेले होते! त्या दिवसापासून गल्लीतला प्रत्येक आकडा आधी माझ्या कानात जाई आणि मग जिचा तिच्या. मोती, कुड्या, झुबे, सगळ्यांची ट्रायल माझ्यावर!

एके दिवशी सुभद्राआत्या नेमक्या तेव्हाच दारात. "शिव शिव! विधवेच्या कानात?"

ही बातमी पापनाशमला पोचायला कितीसा वेळ लागणार! मी काढायला हात वर नेला, तर तुळजक्कानं तो खाली दाबला.

"घातलंय कुठं? माप घेते आहें!" ती म्हणाली. "पत्तराच्या तराजूत रोज सोनं पडतं. तराजू नवरी जाली काय?"

आत्यांनी नाक मुरडलं. त्या गेल्या. गेल्या म्हणजे घरी गेल्या आणि पाऊण तासानं आपली तुटकी कुडी घेऊन परत आल्या! दुरुस्त झाल्यावर स्वतःच म्हणाल्या, "हिच्या कानात घालून बघा आधी. मज घाई नाही."

मला ते फार आवडायचं, सरळ सांगते. आणि बायकांना ते ठाऊक होतं, हेही सांगते. कारण पुढं पुढं एका आकड्याचं माप घ्यायला अख्खी दुपार लागू लागली.

*

पत्तर गप्प बसेल का? एक दिवस तो तणतणत आला. उघडाबंब, गळ्यात माळ, कानावर फुंकणी अडकवलेली. उंबऱ्याबाहेर उभा राहून तमिळमध्ये तोंडाचा पट्टा सुरू! बायकांचं हे काम आहे का, तारेचा जीव बायकांच्या हाताला कळतो का, दोन दिवसांत मोडतील हे आकडे, मग माझ्याच पायऱ्या चढाल!

आम्ही आपल्या घासतोय. त्याचं संपल्यावर तुळजक्कानं मान वर केली. "पत्तरे, घरी कशी आहे मंडळी?"

पत्तर एकदम थंड पडला. कारण त्याची बायको त्या क्षणी वर्गात मावशीच्या पाठीमागे लपून बसली होती! तिचा स्वतःचा आकडा तीन वर्षं तुटलेला. तीन वर्षं तो तिलाही तेच सांगत होता, उद्या! बिचारी सकाळीच आमच्याकडे घेऊन आली होती.

आता ती पुढं आली. दोन्ही कानांत आमचे आकडे. पत्तरानं जवळ येऊन पाहिलं. नुसतं नाही पाहिलं. डोळा बारीक करून, मान वाकडी करून, सोनार बघतो तसं. मग कमरेच्या पिशवीतून एक जड झुबा काढला, कुठल्याशा मोठ्या घरचा असावा, आणि खाली मान घालून तुळजक्कापुढं ठेवला.

"हा वाक मला साधत नाहीये," तो पुटपुटला. "कधी मिळेल?"

तुळजक्कानं झुबा उचलून पदराला बांधला.

"नाळैक्कु वांगो!"

*

ह्या सगळ्या विजयात वर्ष सरत आलं आणि मी एका दुपारी भानावर आले. इन्स्पेक्टर यायला महिना उरला होता. माझ्या दहा विद्यार्थिनींना आकडे येत होते, वीणेच्या तारेचे, चांदीचे, पितळेचे. लिहायचा मात्र एकही येत नव्हता! मी पाटी पुढं केली की तुळजक्का म्हणे, "पोदुम, पुरे, आमचं वय जालं," आणि टोक घासायला घेई.

त्या दुपारी मला रडूच फुटलं. दहा जणींसमोर. सांगून टाकलं सगळं. अट काय, वर्ग बंद होणार, मी पापनाशमला जाणार, आणि मुळात त्या दिवशी मी आकडे म्हटलं होतं ते हे नव्हेतच! तुळजक्का हातातला आकडा खाली टाकून माझ्याकडे बघत राहिली.

मी डोळे पुसले आणि समोर पाहिलं. तो आकडा माझ्या वहीच्या पानावर पडला होता. वाक खाली, एक बाजू लांब, दुसऱ्या बाजूचं टोक कडी होऊन आत वळलेलं. मी ओरडलेच, "अक्का! हा सात आहे!"

"हा आकडा आहे."

"तेच म्हणते! बाळबोधीतला सात असाच काढतात!" मी शेजारी ७ लिहून दाखवला. बायका पानावर वाकल्या. हुबेहूब! मग मी कडी घातलेली, पण अजून न वाकवलेली तार उचलली. डोकं गोल, खाली शेपूट. "आणि हा एक!"

म्हणजे आमचा प्रत्येक आकडा एकापासून सुरू होऊन सातावर संपत होता, आणि मला वर्षभर दिसलं नव्हतं!

तुळजक्कानं स्वतःच्या कानाला हात लावला. "म्हणजे चाळीस वर्षं मी कानात सात घालून हिंडते आहें, आणि कुणी मज सांगितलंही नाही!"

मग काय विचारता! दोनाचा वाक, तिनाला दोन वाक, चाराला वर फुली, पाच, सहा, सगळे तारेचे! शून्याला तर नुसती कडी. नवव्या दिवशी तुळजक्कानं विचारलं, "पुढला?" मी म्हटलं, "पुढला नाही. संपले. शंभरपर्यंत हेच दहा, आलटून पालटून मांडायचे."

"दहाच?" तुळजक्का माझ्यावर अशी भडकली! "आणि ह्या एवढ्याशाकरता रडलीस तू?"

*

मी ठरवलं होतं, शेवटच्या आठवड्यात तार सोडून पाटीवर यायचं. पण इन्स्पेक्टर आठ दिवस आधीच आले! बाळबोध वाचता येणारे म्हणून मुद्दाम बेळगावकडचे गृहस्थ पाठवले होते. काळा कोट, पगडी, जाड चष्मा, आणि ओठ असे मिटलेले की हसू कुठून बाहेर पडत असेल कोण जाणे. सोबत रिपोर्टाची वही.

"अट ठाऊक आहे ना बाई? एकही आकडा चुकता कामा नये."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. दिरांचा मुलगा आदल्याच दिवशी मला न्यायला म्हणून येऊन मावशीच्या ओट्यावर बसला होता.

"पाट्या घ्या." घेतल्या. पण महिनोन् महिने खोबरेल प्यालेल्या त्या पाट्यांवर पेन्सिल नुसती घसरते, उमटतच नाही! साहेबांनी स्वतः रेघ ओढून पाहिली, बोटाला तेल लागलं, बोटाचा वास घेतला.

"बरं. टाक घ्या."

टाक घ्या म्हटल्याबरोबर दहाही बायकांनी टाक घेतले आणि सवयीनं दांडीवर तार टेकवली! मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं!

"हे काय चाललंय?"

"आपण विचारा, साहेब," तुळजक्का म्हणाली. "आम्ही काढतों."

साहेबांनी वही उघडून पुढं ठेवली. मग म्हणाले, "एकोणतीस." कोकिळक्कानं दोन आणि नऊ वाकवून वहीवर ठेवले. साहेब वाकून बघू लागले. "त्रेचाळीस." मावशीनं ठेवले. "अठ्ठावन्न." "शंभर." तारा कुरकुरत होत्या, पकडी चालत होत्या, आणि एकेक आकडा साहेबांच्या वहीच्या पांढऱ्या पानावर येऊन पडत होता. बरोबर! बरोबर! नऊ बायका झाल्या, नऊही बरोबर!

राहिली तुळजक्का.

"सत्त्याहत्तर काढा," साहेब म्हणाले.

तिनं मान तुकवली. ह्यात काय होतं तिला! दोन तारा घेतल्या, दोन कड्या, दोन वाक, टोकं घासली, पुसली, आणि वहीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. "पहिला सात बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "दुसरा उलटा आहे."

खरंच उलटा होता. एक सात इकडे तोंड करून, दुसरा त्याच्याकडे तोंड करून. साहेबांनी दौतीत टाक बुडवला. तारेचाच तर आहे, नुसता पालथा घातला की सुलटा होईल! मी पटकन हात पुढं केला, तर तुळजक्कानं माझ्या हातावर फाडकन चापट मारली.

"हात लावू नको!" मग साहेबांकडे वळून, एखाद्या अडाण्याला समजावून सांगावं तशा सुरात ती म्हणाली, "उलटा कशास होईल? हा उजव्या कानाचा, हा डाव्या कानाचा. दोन्ही सारखे काढले तर दोन्ही एकाच कानात घालूं काय?"

साहेबांनी ते दोन सात उचलले, तळहातावर ठेवले, उजेडाकडे धरले. मग परत खाली ठेवून टाक उचलला आणि लिहू लागले. मी समोर उभी होते, मला अक्षरं उलटी दिसत होती. पण वडिलांनी मला पोथ्या दोन्ही बाजूंनी वाचायला शिकवल्या होत्या. साहेबांनी लिहिलं होतं:

"वर्ग चालू ठेवावा. विद्यार्थिनींस दोन्ही कानांचे आकडे येतात."